रस्त्याच्या कडेचं रानफूल जपणारी लेडी बर्ड

कपाशी करणाऱ्या शेतकऱ्याला लेडी बर्ड हे नाव नवीन नाही. पाठीवर काळे ठिपके असलेला, माव्याचा फडशा पाडणारा लाल ढालकिडा म्हणजेच लेडी बर्ड. हा मित्रकीटक आहे, फवारणी करताना याला वाचवा, असं कृषी सहायक दर हंगामात सांगत असतात. या किड्याचं नाव आयुष्यभर मिरवणारी एक बाई अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची पत्नी झाली. रस्त्याच्या कडा, नदीचे काठ, गरीब वस्तीतल्या शाळांची अंगणं आणि रानफुलं यासाठी त्यांनी जन्म घालवला. लोक हसले, तरी त्यांनी काम सोडलं नाही.

त्यांचं कागदोपत्री नाव क्लॉडिया आल्टा टेलर. जन्म २२ डिसेंबर १९१२ चा, टेक्सास राज्याच्या पूर्व भागातल्या कार्नॅक नावाच्या छोट्या गावातला. लहानपणी सांभाळणाऱ्या बाईने कौतुकाने लेडी बर्ड म्हटलं आणि तेच नाव कायमचं चिकटलं. वडील गावचे मोठे आसामी. किराणा-कापडापासून सगळं मिळणारं दुकान, कपाशीची जमीन आणि वाट्याने शेती करणाऱ्या कुळांना उधारीवर माल देण्याचा धंदा. यातली बरीच कुळं काळ्या लोकांची होती. हंगाम आला की हिशेब, आणि हिशेबात कुळाकडे बाकी निघणार हे ठरलेलंच. ती पद्धत आपल्याकडच्या जुन्या माणसांना वेगळी समजावून सांगायला नको.

क्लॉडिया पाच वर्षांची असताना आई गेली. दोन भाऊ वयाने बरेच मोठे आणि शिक्षणाला बाहेर. मावशी घरी येऊन राहिली, पण तिची तब्येत तोळामासा. त्यामुळे ही पोर एकटीच रानात, तळ्याकाठी फिरायची. कॅडो तळ्यात सायप्रसची उंच झाडं, त्यांच्यावरून लोंबणारं शेवाळासारखं जावळ, वसंतात फुलणारी रानफुलं, हेच तिचे सोबती. स्वभाव कमालीचा लाजाळू. शाळेत पहिला नंबर आला तर सगळ्यांपुढे भाषण करावं लागेल, या धास्तीने तिने मार्क कमी पडू दिले, असा किस्सा सांगितला जातो.

लग्न, निवडणूक आणि रेडिओ

पुढे ऑस्टिनच्या विद्यापीठात त्यांनी इतिहासाची आणि नंतर पत्रकारितेची पदवी घेतली. १९३४ मध्ये लिंडन जॉन्सन या तरुणाशी ओळख झाली. गडी भलताच घाईचा. पहिल्याच भेटीत त्याने लग्नाची मागणी घातली आणि काही आठवड्यांत, १७ नोव्हेंबर १९३४ ला, लग्न लागलंसुद्धा. १९३७ मध्ये जॉन्सन संसदेच्या निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा आईकडून आलेल्या वारशातले १० हजार डॉलर लेडी बर्ड यांनी प्रचाराला काढून दिले. महायुद्धात नवरा नौदलात गेला तर मतदारसंघाचं कार्यालय त्यांनी सांभाळलं. लोकांची कामं, पत्रं, तक्रारी, सगळं.

१९४३ मध्ये ऑस्टिनचं डबघाईला आलेलं एक रेडिओ केंद्र त्यांनी १७ हजार ५०० डॉलरला घेतलं आणि नफ्यात आणलं. पुढे टीव्ही केंद्रही झालं आणि घरात पैसा आला. यामागे नवऱ्याचं राजकीय वजन होतं, अशी टीका त्यांच्यावर कायम झाली. ती टीका खोटी म्हणता येणार नाही, पण हिशेबाच्या वह्या रात्र रात्र बसून तपासणाऱ्या लेडी बर्डच होत्या.

२२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. त्याच ताफ्यात मागच्या गाडीत जॉन्सन पती-पत्नी होते. त्या दिवशी उपराष्ट्राध्यक्ष जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले आणि लेडी बर्ड व्हाइट हाउसमध्ये आल्या.

आधी चार दिवसांची रेल्वे

फुलाझाडांचं काम पुढे आलं, म्हणून ही बाई मवाळ होती असं वाटतं. तसं नव्हतं. जुलै १९६४ मध्ये जॉन्सन यांनी नागरी हक्कांचा कायदा केला. काळ्या लोकांना हॉटेलात, दुकानात, नोकरीत वेगळं वागवायचं नाही, असा तो कायदा. दक्षिणेतले गोरे मतदार खवळले. निवडणूक तोंडावर होती आणि तिकडे प्रचाराला जायला पक्षातलेच लोक कचरत होते. तेव्हा लेडी बर्ड रेल्वेने निघाल्या. ऑक्टोबर १९६४ मध्ये चार दिवसांत आठ राज्यं, अंदाजे २ हजार ६०० किलोमीटर आणि ४७ भाषणं. घातपाताची धमकी असल्यामुळे गाडीच्या पुढे आधी एक मोकळं इंजिन सोडलं जायचं. काही स्टेशनांवर जमावाने घोषणा देऊन त्यांना बोलू दिलं नाही. त्यांनी हात वर करून शांतपणे थांबायला सांगितलं आणि भाषण पूर्ण केलं. भाषणाच्या भीतीने मार्क घालवणारी मुलगी हीच.

निवडणूक जॉन्सन यांनी मोठ्या फरकाने जिंकली. आता स्वतःचं म्हणून कोणतं काम घ्यायचं, हा प्रश्न लेडी बर्ड यांच्यापुढे होता. त्यांनी निसर्गसौंदर्याचं काम घेतलं.

दोन मतं, एक समिती

फेब्रुवारी १९६५ मध्ये राजधानी वॉशिंग्टन सुधारण्यासाठी त्यांची समिती बसली. समितीत लवकरच दोन मतं दिसू लागली. मेरी लास्कर या श्रीमंत बाईंचं म्हणणं असं की पर्यटक जिथे येतात तिथे फुलांचे ताटवेच्या ताटवे लावा, म्हणजे देशभर लोक बघतील आणि आपापल्या गावात तसं करतील. वॉल्टर वॉशिंग्टन हे काळे अधिकारी शहरातली सरकारी घरकुलं सांभाळत होते. त्यांचं म्हणणं वेगळं. शहरातली बहुसंख्य माणसं काळी आणि त्यातली पुष्कळ गरीब. त्यांच्या गल्लीत कचरा, शाळेच्या अंगणात काचा, खेळायला जागा नाही. सुरुवात तिथून करा आणि काम तिथल्या पोरांच्या हातून करून घ्या.

लेडी बर्ड यांनी दोन्ही केलं. स्मारकांच्या भोवती आणि पोटोमॅक नदीच्या काठाला लाखो डॅफोडिलचे कंद लागले. त्याच वेळी वस्त्यांमधल्या शाळांत अंगणं साफ झाली, झाडं लागली, मैदानं झाली. त्या स्वतः कुदळ-फावडं घेऊन जात. फोटोपुरतं म्हणून हसणारे होतेच. पण फोटो आला की देणगी येते आणि नगरपालिकेची गाडी कचरा उचलायला येते, हे रेडिओ चालवलेल्या बाईला पक्कं ठाऊक होतं. सुशोभीकरण हा शब्द मात्र त्यांना आवडत नसे. नुसती वरवरची रंगरंगोटी असं त्यातून वाटतं, आणि स्वच्छ पाणी, स्वच्छ हवा, मोकळी जागा, गुन्हेगारी, पोरांचं मन हे सगळं एकात एक गुंतलेलं आहे, असं त्या समजावत.

रस्त्याचा कायदा

त्या काळी अमेरिकेत मोठमोठे महामार्ग होत होते. दोन्ही बाजूंना जाहिरातींचे अवाढव्य फलक आणि मोडक्या गाड्यांचे भंगारवाडे. टेक्सास ते वॉशिंग्टन प्रवासात लेडी बर्ड यांनी हे वर्षानुवर्षं बघितलेलं. त्यांच्या आग्रहामुळे जॉन्सन यांनी संसदेत विधेयक आणलं. महामार्गापासून ६६० फुटांच्या आत फलकांवर नियंत्रण, भंगारवाडे हटवायचे किंवा आडोसा करून झाकायचे, आणि जे राज्य ऐकणार नाही त्याच्या रस्ते निधीतून दहा टक्के कापायचे, असा मसुदा होता.

फलकवाल्यांचे हात लांब होते. त्यांनी जोर लावला. सभागृहात थट्टाही झाली. कॅन्ससचे खासदार बॉब डोल यांनी विधेयकात मंत्र्याच्या पदनामाऐवजी लेडी बर्ड हेच नाव घालावं, अशी टोमणा मारणारी दुरुस्ती मांडली. तरी विधेयक पास झालं. २२ ऑक्टोबर १९६५ ला सही झाली आणि सहीचं पहिलं पेन जॉन्सन यांनी बायकोच्या हातात दिलं.

पण कायद्याला भोकं पडली होती. व्यापारी आणि औद्योगिक पट्ट्यात फलकांना मोकळीक मिळाली. जुने फलक काढायचे तर मालकाला नुकसानभरपाई द्यायची, असंही कलम घुसलं. भरपाईला पैसा अपुरा, त्यामुळे पुष्कळ फलक जागेवरच राहिले. कायदा दुबळा निघाला अशी टीका आजही होते आणि ती रास्त आहे. तरीही महामार्गाची कडा ही रस्त्याचाच भाग आहे आणि तिची निगा सरकारने राखायची, हे या कायद्याने कागदावर आणलं.

युद्धाच्या दिवसात फुलं कशाला?

सगळ्यात अवघड प्रसंग आला तो १८ जानेवारी १९६८ ला. गुन्हेगारी कमी कशी करावी यावर व्हाइट हाउसमध्ये बायकांचं जेवण होतं. गायिका अर्था किट उठल्या आणि तोंडावर बोलल्या. तरुण पोरं चिडलेली आहेत ती व्हिएतनामच्या युद्धामुळे. आया पोरं वाढवतात आणि सरकार त्यांना मरायला धाडतं, असा त्यांचा रोख होता. लेडी बर्ड यांचे डोळे भरून आले. युद्ध चालू आहे म्हणून घरातली परिस्थिती सुधारायचं थांबवता येत नाही, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी थरथरत्या आवाजात दिलं. वर्तमानपत्रांनी गायिकेला धारेवर धरलं आणि तिला देशात काम मिळेना. पण तिचा प्रश्न खोटा नव्हता. युद्ध लेडी बर्ड यांच्या नवऱ्याचंच होतं आणि त्यात पैसा आणि माणसं दोन्ही जात होती.

एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि वॉशिंग्टन पेटलं. काळ्या वस्त्या, दुकानं, घरं जळाली. नुसत्या झाडांनी हा राग विझणार नव्हता, हे उघड झालं. त्या वेळी शहराचा कारभार वॉल्टर वॉशिंग्टन यांच्याकडेच होता. १९६७ मध्ये जॉन्सन यांनी त्यांना नेमलं होतं आणि पुढे लोकांनीही त्यांना महापौर म्हणून निवडून दिलं.

व्हाइट हाउस सोडण्याआधी जॉन्सन यांनी पत्नीला एक फळी भेट दिली. तिच्यावर ५० पेनं बसवलेली होती. निसर्गरक्षणाच्या ५० कायद्यांवर सह्या केलेली ती पेनं.

बिया पडेपर्यंत कापायचं नाही

जानेवारी १९६९ मध्ये दोघं टेक्सासला स्टोनवॉलच्या आपल्या मळ्यावर परतले. चार वर्षांनी जॉन्सन वारले. लेडी बर्ड यांचं काम मात्र चालूच. ऑस्टिन शहरातून वाहणाऱ्या कोलोरॅडो नदीवर बांध घालून तळं केलेलं होतं, पण काठाला झाडोरा आणि कचरा. १९७१ पासून त्यांनी लोकांना जमवून, देणग्या गोळा करून काठाला झाडं लावली आणि पायवाट केली. तळ्याला त्यांचं नाव द्यायचा विषय निघाला तेव्हा त्यांनी नाही म्हटलं.

टेक्सासच्या रस्ते खात्याची एक जुनी पद्धत होती, १९३० च्या दशकापासूनची. वसंतात रस्त्याकडेला ब्लूबॉनेटची निळी फुलं येतात. हे शेंगवर्गीय झाड, आपल्या हरभऱ्या-तुरीच्या कुळातलं. शरदात उगवतं, मार्च-एप्रिलमध्ये फुलतं आणि मग शेंगा वाळून बिया उडतात. तोपर्यंत गवत कापायचं यंत्र तिकडे फिरकवायचं नाही, ही ती पद्धत. कापणीचा खर्च वाचतो, मुळं माती धरून ठेवतात आणि पुढच्या वर्षी बी विकत घ्यावं लागत नाही. लेडी बर्ड यांनी ही कडा राखणाऱ्या रस्ते कामगारांना दरवर्षी बोलावून बक्षिसं द्यायला सुरुवात केली, स्वतःच्या पैशाने. मंत्र्या-संत्र्यांना नव्हे, गवत कापणाऱ्या माणसाला.

२२ डिसेंबर १९८२ ला, सत्तराव्या वाढदिवशी, त्यांनी अभिनेत्री हेलन हेस यांना बरोबर घेऊन रानफुलांचं संशोधन केंद्र काढलं. त्यासाठी ६० एकर जमीन आणि सव्वा लाख डॉलर दिले. कोणतं देशी झाड कुठल्या मातीत येतं, बी कधी पेरायचं, पाणी किती लागतं, ही माहिती गोळा करून लोकांना देणं हे केंद्राचं काम. १९९५ मध्ये केंद्र नव्या जागेत गेलं. तिथे छपरावरचं पावसाचं पाणी साठवून झाडांना दिलं जातं. १९८७ मध्ये त्यांच्या पाठपुराव्याने आणखी एक नियम झाला. केंद्राच्या पैशातून महामार्गाकडेला लागवड करायची तर त्या खर्चातला किमान पाव टक्का देशी रानफुलांवर खर्च करायचा. पाव टक्का म्हणजे किरकोळ रक्कम, पण दर राज्याला, दर वर्षी.

म्हातारपणी नजर गेली, पक्षाघाताने वाचाही अडखळली. तरी वसंतात गाडीतून फुलांच्या रस्त्याने फिरायला त्या निघायच्या. ११ जुलै २००७ ला वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. अंत्ययात्रा ऑस्टिनहून स्टोनवॉलला निघाली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही कडांना लोक उभे होते. जिवंतपणी नाकारलेलं नाव ऑस्टिनकरांनी त्याच महिन्यात त्या तळ्याला दिलं.

टेक्सासमध्ये आजही वसंतात महामार्गाच्या कडा निळ्या होतात, आणि शेंगा वाळेपर्यंत कापणीचं यंत्र थांबलेलं असतं.