विश्लेषण : ऑनलाइन फॉर्म पुढचा प्रश्न कसा ठरवतो? जॉर्ज बूल यांच्या ‘जर-तर’ची गोष्ट

सीईटीचा निकाल लागला की शहाड, कल्याण, उल्हासनगर या पट्ट्यातील सायबर कॅफेंमध्ये अभियांत्रिकी प्रवेशाचे फॉर्म भरण्याची गर्दी सुरू होते. शेजारी-शेजारी बसलेल्या दोन विद्यार्थ्यांसमोर फॉर्म एकच असतो, प्रश्न मात्र वेगळे. एकाने प्रवर्ग म्हणून ओबीसी निवडला की त्याच्याकडे जात प्रमाणपत्र, जात वैधता आणि नॉन-क्रीमीलेअरची माहिती मागितली जाते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला नॉन-क्रीमीलेअर लागत नाही. खुल्या प्रवर्गातल्याला यातले काहीच लागत नाही. फॉर्म बनवणारे याला ‘कंडिशनल लॉजिक’ म्हणतात. ‘जर हे उत्तर आले, तर तो प्रश्न दाखवा’, इतकाच त्याचा अर्थ. कागदी अर्जावर ‘लागू नसल्यास पुढील रकान्याकडे जावे’ अशी सूचना असायची. आता तो निर्णय संगणक घेतो. ज्या गणिताच्या आधारे घेतो, ते १७५ वर्षांपूर्वी जॉर्ज बूल यांनी मांडले. त्यांच्याकडे कुठल्याही विद्यापीठाची पदवी नव्हती.

घरची परिस्थिती कशी होती?

बूल यांचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजी इंग्लंडमधील लिंकन शहरात झाला. वडील जॉन बूट शिवण्याचा व्यवसाय करत. पण त्यांचा जीव दुर्बिणी आणि भिंगे बनवण्यात रमायचा. साहजिकच दुकान तोट्यात गेले. मुलाला त्यांनी गणिताची गोडी लावली, लॅटिन एका ओळखीच्या पुस्तक विक्रेत्याने शिकवले, ग्रीक बूल स्वतःच शिकले. चौदाव्या वर्षी त्यांनी केलेला एका ग्रीक कवितेचा अनुवाद स्थानिक वृत्तपत्रात छापून आला, तेव्हा एवढ्या लहान मुलाला हे जमणार नाही, असा आक्षेप एका शिक्षकाने घेतला होता.

सोळाव्या वर्षी घर चालवण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. आई-वडील आणि तीन भावंडांसाठी त्यांनी डॉनकास्टरच्या शाळेत साहाय्यक शिक्षकाची नोकरी धरली. एकोणिसाव्या वर्षी लिंकनमध्ये स्वतःची शाळा काढली. उच्च गणिताची पुस्तके विकत घेणे परवडत नसे. म्हणून अवघड, पण बरेच दिवस पुरेल असे एखादे पुस्तक घ्यायचे आणि ते समजेपर्यंत पुन्हा पुन्हा वाचायचे, हा त्यांचा शिरस्ता. कोचिंग क्लास आणि टेस्ट सिरीजच्या काळात हे वाचायला विचित्र वाटेल. दिवसभर शाळा आणि रात्री गणित अशा दिनक्रमातून लिहिलेल्या शोधनिबंधासाठी १८४४ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना रॉयल मेडल दिले.

‘जर-तर’चे गणित सुचले कशातून?

निमित्त एका वादाचे होते. स्कॉटलंडचे तत्त्वज्ञ विल्यम हॅमिल्टन आणि गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांच्यात तर्कशास्त्रातील एका कल्पनेच्या श्रेयावरून जुंपली होती. डी मॉर्गन हे बूल यांचे स्नेही. त्यांचा जन्म आपल्याकडच्या मदुराईचा. तो वाद वाचता वाचता बूल यांनी आपला जुना विचार पुन्हा हाती घेतला आणि १८४७ मध्ये तर्काचे गणिती विश्लेषण करणारी छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. विचारांच्या नियमांवरचा मोठा ग्रंथ १८५४ मध्ये आला.

त्यातील मूळ कल्पना प्रवेशाच्या फॉर्मवरून समजून घेता येते. सगळ्या अर्जदारांना १ म्हणा आणि ‘कुणीही नाही’ याला ० म्हणा. ‘क’ म्हणजे या गर्दीतून महाराष्ट्राचे रहिवासी निवडणे. ‘ख’ म्हणजे आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेले निवडणे. मग क गुणिले ख म्हणजे दोन्ही अटी पूर्ण करणारे. १ वजा क म्हणजे रहिवासी नसलेले. आता रहिवाशांमधून पुन्हा रहिवासीच निवडले तर? गट तोच राहतो. म्हणजे क गुणिले क बरोबर क. नेहमीच्या अंकगणितात हा नियम पाळणाऱ्या संख्या दोनच आहेत, ० आणि १. बूल यांचे सगळे तर्कशास्त्र या एका समीकरणाभोवती उभे आहे. फॉर्ममधला प्रत्येक रकाना दिसावा की लपावा, हे याच दोन आकड्यांत ठरते.

‘किंवा’वरून मतभेद का झाले?

बूल यांनी दोन गटांची बेरीज करताना एक अट ठेवली होती. त्या गटांत सामाईक कोणी असता कामा नये. म्हणजे त्यांच्या बेरजेतला ‘किंवा’ हा ‘हे नाही तर ते, दोन्ही नाही’ असा. विल्यम जेव्हन्स या तरुण अर्थशास्त्रज्ञाने १८६३ पासून पत्रे पाठवून त्याला हरकत घेतली. व्यवहारात ‘किंवा’ म्हणजे दोन्हीही चालते, तेव्हा नियम बदलावा, असा त्यांचा आग्रह होता. बूल यांनी तो मानला नाही. पुढच्या पिढ्यांनी मात्र जेव्हन्स यांचे ऐकले आणि आज बूल यांच्या नावाने शिकवल्या जाणाऱ्या बीजगणितात ‘किंवा’मध्ये दोन्ही येतात.

हा काथ्याकूट वाटेल, पण फॉर्ममध्ये तो थेट दिसतो. गोल बटण असेल तर पर्याय एकच निवडता येतो. चौकोनी खूण असेल तर अनेक. एखादी विद्यार्थिनी ओबीसी असू शकते आणि दिव्यांगही. सामाजिक आरक्षण आणि दिव्यांगांचे आरक्षण या कायद्याने दोन वेगळ्या बाबी आहेत, एक घेतले म्हणून दुसरे जात नाही. फॉर्म बनवणाऱ्याने या दोन्ही गोष्टी एकाच यादीत टाकून गोल बटणे दिली, तर तिचा एक हक्क नोंदवलाच जाणार नाही. तिला तो प्रश्न दिसणारच नाही. त्यामुळे काही राहून गेले, हेही कळणार नाही. कागदी अर्जावर निदान समासात लिहून देण्याची सोय होती.

दुसरी नेहमीची चूक ‘नाही’ची. ‘रहिवासी आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत’ याच्या उलट काय? ‘रहिवासी नाही आणि उत्पन्नही जास्त’ असे चटकन वाटते. ते चुकीचे आहे. दोनपैकी एक अट मोडली तरी पुरते, त्यामुळे बरोबर उत्तर ‘रहिवासी नाही किंवा उत्पन्न जास्त’ असे होते. हा नियम डी मॉर्गन यांच्या नावाने ओळखला जातो. अपात्र अर्जदारांना वेगळा संदेश दाखवताना हा ‘किंवा’ विसरला, तर एकच अट मोडणारे सगळे अर्जदार पुढे सरकतात आणि कागदपत्र पडताळणीच्या दिवशी अडकतात.

मेरी एव्हरेस्ट आणि हिंगणघाटचा धागा

पदवी नसतानाही १८४९ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथे नव्याने सुरू झालेल्या क्वीन्स कॉलेजात बूल गणिताचे पहिले प्राध्यापक झाले. तिथे त्यांची ओळख मेरी एव्हरेस्ट यांच्याशी झाली. मेरी या सर जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या पुतणी. शिखराला ज्यांचे नाव मिळाले, तेच हे एव्हरेस्ट. भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख विल्यम लॅम्बटन यांचा १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे काम सुरू असतानाच मृत्यू झाला आणि ती जबाबदारी एव्हरेस्ट यांच्याकडे आली होती.

मेरी बूल यांच्यापेक्षा १७ वर्षांनी लहान होत्या. सुरुवातीला त्या बूल यांच्याकडे गणित शिकल्या आणि १८५५ मध्ये दोघांचे लग्न झाले. मेरी यांनी पुढे मुलांना गणित कसे शिकवावे यावर पुस्तके लिहिली. १९०१ मध्ये जगदीशचंद्र बोस यांना उद्देशून लिहिलेल्या दीर्घ पत्रात त्यांनी असे मांडले, की काका एव्हरेस्ट यांच्यामार्फत भारतीय विचार पाश्चात्त्य गणितज्ञांपर्यंत पोहोचला आणि बूल यांच्यावरही त्याचा परिणाम झाला. हे मत मेरी यांचे आहे. बूल यांच्या लेखनात त्याचा ठोस पुरावा नाही, त्यामुळे सोशल मीडियावर फिरणारे ‘बूल यांनी भारतातून लॉजिक घेतले’ हे दावे जपूनच वाचावेत.

शेवट कसा झाला?

नोव्हेंबर १८६४ मध्ये घरापासून कॉलेजपर्यंत सुमारे तीन मैल बूल भर पावसात चालत गेले आणि ओल्या कपड्यांतच त्यांनी तास घेतला. ताप आला, फुप्फुसांवर परिणाम झाला. मेरी यांचा होमिओपॅथीवर विश्वास होता. ज्याने आजार झाला त्यानेच तो बरा होईल, या समजुतीने त्यांना ओल्या चादरींत ठेवल्याचे सांगितले जाते. ८ डिसेंबर १८६४ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पाच मुलींपैकी सर्वात धाकटी एथेल तेव्हा सात महिन्यांची होती. पुढे ती कादंबरीकार झाली. अ‍ॅलिशिया चौमितीय भूमितीत, तर ल्युसी रसायनशास्त्रात नावारूपाला आली.

गणितापासून यंत्रापर्यंत

बूल यांनी कोणतेही यंत्र बांधले नाही. ते काम १९३७ मध्ये अमेरिकेतील एमआयटीचे २१ वर्षांचे विद्यार्थी क्लॉड शॅनन यांनी पुढे नेले. विजेचा रिले बंद म्हणजे एक स्थिती, उघडा म्हणजे दुसरी. मग ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ हे सगळे तारांच्या जोडणीत उतरवता येते, हे त्यांनी एम.एस.च्या प्रबंधात दाखवले. संगणकाच्या चिप त्याच पायावर आहेत. रेल्वेचे रिले इंटरलॉकिंगही याच पद्धतीने काम करते. कल्याणहून एक फाटा शहाडमार्गे कसाऱ्याला जातो आणि दुसरा कर्जतकडे. सांधे योग्य बाजूला बसलेले आणि पुढचा रूळ मोकळा, या अटी एकत्र पूर्ण झाल्याशिवाय सिग्नल पिवळा किंवा हिरवा होऊ शकत नाही. एक जरी उत्तर ० आले, तर गुणाकार ०, आणि लोकल जागेवर उभी.

प्रोग्रॅमिंगच्या बहुतेक भाषांमध्ये फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ साठवणाऱ्या माहितीच्या प्रकाराला आजही ‘बूलियन’ किंवा नुसते ‘बूल’ म्हणतात. कॅपच्या फॉर्ममध्ये रहिवासी आहात का, दिव्यांग आहात का, या प्रश्नांवर केलेले क्लिक याच नावाच्या खान्यात जाऊन बसते.