महात्मा बसवेश्वर : समतेची खरी कसोटी

महात्मा बसवेश्वरांचा जन्म 12व्या शतकात, आजच्या विजयपूर जिल्ह्यातील बागेवाडीच्या एका शैव ब्राह्मण कुळात झाला. पिता मादरस, माता मादलांबिका. आठव्या वर्षी मुंज ठरली, तेव्हा जो संस्कार थोरली बहीण अक्कनागम्मा हिला नाही तो आपणासही नको, म्हणून त्यांनी जानवे नाकारले, असे परंपरा सांगते. पुढे कृष्णा-मलप्रभेच्या संगमी, कूडलसंगम क्षेत्री, त्यांचे अध्ययन झाले.

मंगळवेढ्यास कलचुरी बिज्जळाच्या दरबारी ते करणिक म्हणून रुजू झाले. चोख हिशेब व निर्मळ हात यांमुळे ते चढत गेले आणि बिज्जळाने कल्याणची गादी घेतल्यावर तेथे भांडारी व प्रधान झाले. खजिन्याच्या किल्ल्या हाती असणारा हा पुरुष दानधर्म करून मोकळा होऊ शकला असता. पण भुकेल्याला घास दिल्याने त्याची मान ताठ होत नाही, हे बसवण्णांनी ओळखले होते.

समता मोजायची ती कशात, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी 1979 साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील व्याख्यानात मांडला. माणसाच्या हाती काय पडले एवढेच पाहू नये, तो काय करू शकतो तेही पाहावे, असा त्यांच्या विचाराचा रोख. या कसोटीवर कल्याणकडे पाहावे. कायकाने प्रत्येकाच्या श्रमाला प्रतिष्ठा मिळाली. इष्टलिंगामुळे देवळाच्या बंद दाराची मिंधेगिरी संपली. लोकांच्या कन्नड बोलीत वचने झाली, म्हणून ज्ञान सर्वांच्या ओठी आले. अल्लमप्रभूंच्या अध्यक्षतेखालील अनुभवमंटपात नावाडी चौडय्या, परीट माचय्या, ढोर कक्कय्या निर्भयपणे बोलू लागले. आयदक्की लक्कम्मेने तर पतीने गरजेहून अधिक वेचून आणलेले तांदूळ परत करविले. गरीब घरातील ही स्त्री केवळ दासोहाची लाभार्थी नव्हती. धर्म काय हे ती स्वतः ठरवीत होती.

समाजाने एवढे सोसले. एका पंक्तीतले जेवणही सोसले. मात्र चर्मकार हरळय्यांचा पुत्र व ब्राह्मण कुळातील मधुवरसांची कन्या यांचा विवाह झाला आणि सनातन्यांचा संताप उसळला. बिज्जळाने दोन्ही पित्यांना हत्तीच्या पायी बांधून फरफटविण्याची शिक्षा दिली, असे परंपरा सांगते. कल्याण पेटले. 1167च्या सुमारास बिज्जळाचा वध झाला, शरण वचनांचे गठ्ठे घेऊन दाही दिशांना पांगले. बसवण्णा त्याआधीच कूडलसंगमी परतले होते. तेथेच ते लिंगैक्य झाले.

भक्तहो, आपण बसवजयंतीस त्यांची मिरवणूक काढतो, दासोहही घालतो. परंतु कल्याणची क्रांती ज्या उंबरठ्यावर रक्तबंबाळ झाली, तो आपल्याच घराचा उंबरठा आहे. सोयरीक जुळविताना आपण पोटजात विचारतो की कायक व आचार, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या इष्टलिंगासमोर बसून द्यावे. शरणु शरणार्थी.