केशवसुत आणि प्लेगचे दशक

रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड हे समुद्रकाठचे गाव गणपतीपुळ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. पुळ्याच्या गणपतीचे दर्शन घेतलेला प्रवासी सहसा तसाच पुढे मालगुंडला जातो आणि कौलारू छपराच्या एका घरासमोर थांबतो. आधुनिक मराठी कवितेचे जनक कृष्णाजी केशव दामले, म्हणजेच केशवसुत, यांचे हे जन्मस्थान. त्यांच्या कवितेविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. मात्र अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी त्यांचा बळी घेणाऱ्या रोगाचा उल्लेख बहुतेक चरित्रांत एका वाक्यात आटोपतो. केशवसुतांच्या आयुष्याची अखेरची नऊ वर्षे म्हणजे हिंदुस्थानातील प्लेगची पहिली नऊ वर्षे होत. या काळात विज्ञान त्या रोगाचे कोडे पायरीपायरीने उलगडत होते आणि कवी एका गावाहून दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवत होता. या दोन्ही वाटा १९०५ च्या हिवाळ्याच्या तोंडावर हुबळीत एकमेकींना छेदून गेल्या.

केशवसुतांचा जन्म १८६६ सालचा. वडील केशव विठ्ठल दामले पेशाने शिक्षक. पुढे त्यांनी दापोलीजवळच्या वळणे या गावी खोतीची व्यवस्था पाहिली. कुटुंब मोठे आणि मिळकत बेताची, त्यामुळे मुलाच्या शिक्षणाची फरफट झाली. कोकणातून बडोदे, तेथून वऱ्हाड-नागपूर आणि अखेर पुणे असा प्रवास झाला. नागपूरला रेव्हरंड ना. वा. टिळकांचा स्नेह लाभला, तर पुण्यातील न्यू इंग्लिश स्कूलच्या वातावरणात आगरकरी विचारांचा ठसा मनावर उमटला. विवाह पंधराव्या वर्षीच झाला होता. पत्नी रुक्मिणीबाई चाळीसगावच्या चितळे घराण्यातील. मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण व्हायला मात्र १८८९ साल उजाडले. तेव्हा केशवसुत तेवीस वर्षांचे होते. पुढे महाविद्यालयात जाण्याची ऐपत नव्हती.

पोटापाण्यासाठी त्यांनी मुंबई गाठली. कधी शाळेत शिकवणे, कधी भाषांतराचे काम, कधी शिकवण्या, अशी कायम अस्थिर मिळकत. याच मुंबईत १८९३ मध्ये त्यांनी ‘तुतारी’ आणि ‘झपूर्झा’ लिहिल्या. इंग्रजी सॉनेटच्या धर्तीवर चौदा ओळींची सुनीतरचना मराठीत रुजवली ती त्यांनीच. अस्पृश्याच्या मुलाला पडलेला प्रश्न आणि मजुराची उपासमार हे विषय तर त्यांनी मुंबईला येण्याआधीच कवितेत आणले होते.

त्या काळची मुंबई रोगांच्या अभ्यासाचेही केंद्र होती, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. केशवसुत बालपणी कोकणात वाढत असताना ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर डॉ. भाऊ दाजी लाड महारोगावर औषध शोधत होते. कोकणच्या रानात वाढणाऱ्या कडू कवठाच्या बियांचे तेल त्यांनी रुग्णांवर वापरून पाहिले. त्याच कॉलेजात अध्यापन केलेल्या डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी या रोगाचा शास्त्रीय अभ्यास केला आणि त्यासाठी थेट नॉर्वे गाठले. तेथील बर्गन शहरात डॉ. हान्सेन यांना १८७३ साली महारोग्यांच्या गाठींतील द्रवात सूक्ष्म जंतू दिसले होते. पिढीजात शाप किंवा पापाचे फळ समजला जाणारा रोग जंतूमुळे होतो, ही कल्पनाच तेव्हा क्रांतिकारक होती. भाऊ दाजींचे १८७४ मध्ये निधन झाले. पुढे १८९० मध्ये, म्हणजे केशवसुत मुंबईत नोकरीच्या शोधात होते त्याच सुमारास, महापालिका आयुक्त अ‍ॅकवर्थ यांच्या पुढाकाराने माटुंग्याला महारोग्यांसाठी आश्रयस्थान उभे राहिले. रोगाचे कारण कळू लागले होते, उपाय हाती नव्हता आणि रोग्याला समाजापासून दूर ठेवणे एवढाच मार्ग सरकारला सुचत होता. प्लेगच्या बाबतीतही पुढे हेच चित्र दिसले, फक्त अनेक पटींनी वेगाने. महारोग माणसाला वर्षानुवर्षे झिजवतो. प्लेग आठवडाभरात निकाल लावत असे.

मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये प्लेगचे निदान केले. बंदरालगतची धान्याची गोदामे, दाटीवाटीच्या चाळी आणि उंदरांचा सुळसुळाट यांमुळे रोगाला मोकळे रान मिळाले. जांघेत किंवा काखेत गाठ येई, ताप चढे, भ्रम होई आणि बहुतेक रुग्ण काही दिवसांत दगावत. लोक त्याला गाठीचा ताप म्हणत, तर वृत्तपत्रांतून ग्रंथिक सन्निपात असे भारदस्त नाव वाचायला मिळे. लाखो लोकांनी मुंबई सोडली. रेल्वे आणि बोटी भरभरून माणसे कोकणात, देशावर आणि खानदेशात निघाली.

त्यांत केशवसुतही होते. सात वर्षे कशीबशी टिकवलेली मुंबई त्यांनी प्लेगमुळे सोडली आणि सासुरवाडीच्या आधाराने ते खानदेशात गेले. भडगावच्या शाळेत तुटपुंज्या पगाराची नोकरी मिळाली. पुढे १९०१ मध्ये फैजपूरच्या इंग्रजी शाळेत ते मुख्याध्यापक झाले. संसाराला थोडे स्थैर्य आले. याच फैजपुरात १९०१ च्या अखेरीस त्यांनी ‘आम्ही कोण?’ ही कविता लिहिली. जळगावहून निघणारे ‘काव्यरत्नावली’ हे कवितेला वाहिलेले मासिक जवळच होते. साथीने कवीला राजधानीतून हुसकावले, पण खानदेशच्या कवितेला त्याचा सहवास मिळाला, असा हा विलक्षण योग.

सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा केला. घरांची झडती, सामानाची जाळपोळ, रेल्वे स्थानकांवरील तपासणी आणि रोग्यांना सक्तीने इस्पितळात हलवणे सुरू झाले. पुण्यात या सक्तीने लोकक्षोभ उसळला आणि २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना मृत्यू आला होता. महारोग्यांना वेगळे ठेवण्याचा अधिकार देणारा कायदाही लगेच, १८९८ साली आला.

सरकारी सक्तीचा दोष केवळ उद्दामपणाचा नव्हता, तो अज्ञानाचाही होता. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सिन यांनी ओळखला होता. पण तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, याचे उत्तर सर्वमान्य झाले नव्हते. दूषित हवा, घाणीने भरलेली जमीन, धान्य, कपडे अशा सगळ्यांवर संशय होता. म्हणून भिंतींना चुना फासला जाई, गटारांत जंतुनाशके ओतली जात, घरांची कौले उतरवली जात. या गडबडीत उंदीर एका घरातून शेजारच्या घरात जात आणि त्यांच्यासोबत रोगही जाई. घरात उंदीर मरून पडू लागले की गाव सोडून माळावर झोपड्या बांधायच्या, हे शहाणपण खेडोपाडीच्या लोकांना अनुभवातून आधीच आले होते.

फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ च्या जूनमध्ये कराचीत केलेल्या प्रयोगातून उंदराच्या अंगावरील पिसू हा रोग पसरवते असे दाखवले. परंतु बहुतेक तज्ज्ञांनी त्यांचे म्हणणे मनावर घेतले नाही. ही उपेक्षा सात-आठ वर्षे टिकली आणि या काळात देशभर लाखो माणसे मेली.

दुसरीकडे वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली. ही लस मोठ्या प्रमाणावर वापरली गेली अशा पहिल्या गावांत हुबळीचे नाव येते. १८९८ च्या साथीत हुबळीच्या लोकसंख्येच्या मोठ्या हिश्श्याला ती टोचण्यात आली आणि टोचून घेतलेल्यांत मृत्यूचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी आढळले. तरी तिचे संरक्षण काही महिन्यांपुरतेच असे. दर मोसमात टोचून घेणे आवश्यक होते. त्यातच १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल येथे एका दूषित बाटलीमुळे एकोणीस जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला, त्यांना पद गमवावे लागले आणि लसीवरील लोकांचा विश्वास डळमळला. ते निर्दोष असल्याचे पुढे मान्य झाले, पण तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते.

केशवसुत १९०४ मध्ये फैजपूर सोडून धारवाडच्या हायस्कुलात मराठीचे शिक्षक म्हणून रुजू झाले. त्या एका वर्षात हिंदुस्थानात प्लेगने दहा लाखांहून अधिक बळी घेतले. धारवाडला त्यांनी ‘हरपले श्रेय’ लिहिली. तिला त्यांच्या काव्यप्रवासातील अखेरचा महत्त्वाचा टप्पा मानले जाते. तीन मुली, शाळेचे काम आणि कविता असे जीवन पुन्हा मार्गी लागत होते.

त्याच वेळी परळच्या प्रयोगशाळेत कोड्याचा शेवटचा भाग सुटत होता. तेथील डॉ. लिस्टन यांनी मुंबईच्या प्राणिसंग्रहालयातील गिनीपिग प्लेगने मेल्यावर त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा पाहिल्या होत्या. पुढे ज्या चाळीत उंदीर मेले तेथील माणसांच्या अंगावरही त्याच जातीच्या पिसवा सापडल्या. उंदीर मेला की त्याची भुकेली पिसू दुसरे रक्त शोधते आणि उंदीर उरले नाहीत की माणसाकडे वळते, असा याचा अर्थ होता. १९०५ मध्ये नव्या प्लेग आयोगाने परळला काम सुरू केले. रोगी घरांत पिंजऱ्यांतील प्राणी ठेवून पाहिले, तेव्हा जमिनीलगतचे प्राणी दगावले आणि पिसूची उडी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेले वाचले. साध्याशा वाटणाऱ्या या प्रयोगाने सिमाँ यांचे म्हणणे खरे ठरवले. आयोगाचे अहवाल १९०६ पासून प्रसिद्ध होऊ लागले.

केशवसुतांना तेवढा अवधी मिळाला नाही. १९०५ च्या ऑक्टोबरअखेरीस ते सहकुटुंब हुबळीला, नात्याने चुलते लागणाऱ्या हरी सदाशिव दामले यांच्याकडे गेले. उन्हाळ्याच्या कोरड्या उष्म्यात ओसरणारी साथ पावसाळ्यानंतर पुन्हा डोके वर काढत असे. हुबळीत केशवसुतांना प्लेगने गाठले आणि ७ नोव्हेंबर १९०५ रोजी त्यांचे निधन झाले. आठ दिवसांनी रुक्मिणीबाईही त्याच रोगाने गेल्या. तीन मुलींचे आईवडील एकाच पंधरवड्यात हरपले.

मुंबईतल्या ज्या रोगापासून दूर जाण्यासाठी कवीने शहर सोडले, त्याच रोगाने नऊ वर्षांनी शेकडो मैलांवर त्याला गाठले. या घटनेला दैवदुर्विलास म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण त्यात माणसांच्या व्यवस्थेचाही वाटा होता. पिसूचा पुरावा सात वर्षांपूर्वी समोर आलेला होता. लसही होती आणि तीही याच गावात पारखलेली. पण ज्ञान प्रयोगशाळेतून घराच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचायला लागणारा विश्वास सक्तीने, अफवांनी आणि तज्ज्ञांच्या अहंकाराने गमावलेला होता. त्या पाव शतकात देशात सुमारे एक कोटी माणसे प्लेगने मेली. त्यांतल्या बहुतेकांची नावेही कोठे नोंदलेली नाहीत.

केशवसुतांच्या मागे उरल्या सुमारे एकशे पस्तीस कविता. त्यांचे एकही छायाचित्र उपलब्ध नाही. हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नाही. मृत्यूनंतर दशकभराने हरि नारायण आपटे यांच्या पुढाकाराने त्यांची कविता पुस्तकरूपाने आली आणि गोविंदाग्रज, बालकवी यांच्या पिढीने तिचा वारसा पुढे नेला.

महारोगावर १९४० च्या दशकात सल्फोन औषधे आली, पुढे १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार रूढ झाला आणि तो रोग पूर्ण बरा होऊ लागला. प्लेगवरही स्ट्रेप्टोमायसिनसारखी औषधे लागू पडली. वेळीच निदान झाल्यास आज केशवसुतांच्या वयाचा रुग्ण प्लेगमधून सहसा बरा होऊन घरी जातो. तरीही भीती औषधांइतकी झपाट्याने हटलेली नाही. कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेल्या मालगुंडच्या केशवसुत स्मारकाचे उद्घाटन मे १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते झाले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी प्लेगसदृश रुग्ण आढळले, सप्टेंबरमध्ये सुरतेत साथीची बातमी पसरली आणि लाखो माणसे पुन्हा एकदा रेल्वेगाड्यांना लोंबकळत शहर सोडून निघाली. महारोगातून पूर्ण बरे झालेल्यांनाही कित्येक घरांचे दार आजही सहजी उघडत नाही. जुने जळून जावे आणि नवे उगवावे, हा केशवसुतांच्या कवितेचा आग्रह होता. रोगाविषयीच्या आपल्या जुन्या समजुतींना तो अजून लागू आहे.