ठेवीदारांचा वकील

एखादा नामवंत वकील निवर्तला की उच्च न्यायालयाचे काम काही वेळ थांबवून न्यायाधीश आणि वकील एकत्र जमतात व दिवंगताचा गौरव करतात. अशा प्रसंगी स्वभावदोषांचा उच्चार करण्याची रीत नाही. मद्रासचे व्ही. कृष्णस्वामी अय्यर यांच्याबाबतीत मात्र ही रीत पाळली तर चित्र अपुरे राहते. ते शीघ्रकोपी होते आणि त्यांची जीभ धारदार होती. ज्यांना कोणी वाली नव्हता अशा हजारो माणसांच्या कामी हीच धार आली.

त्यांचा जन्म 1863 साली तंजावर जिल्ह्यातील तिरुविडैमरुदूर येथे झाला. मराठी वाचकाला हे गाव अगदीच परके वाटू नये. तंजावरच्या गादीवरून 1798 मध्ये पदच्युत झालेले अमरसिंह भोसले अखेरची वर्षे येथेच राहिले. कृष्णस्वामींचे वडील जिल्हा मुन्सफ होते. तंजावर आणि कुंभकोणम येथे शिक्षण झाल्यावर कृष्णस्वामी मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गेले आणि पुढे उच्च न्यायालयात वकिली करू लागले. आरंभीची वर्षे हलाखीची गेली. जम बसल्यावर मात्र मैलापूरच्या वकीलमंडळींत त्यांना मानाचे स्थान मिळाले. 1891 मध्ये निघालेल्या मद्रास लॉ जर्नलच्या उभारणीत त्यांचा आणि त्यांचे स्नेही पी. आर. सुंदर अय्यर यांचा मोठा वाटा होता.

एवढ्यावर ते केवळ एक यशस्वी वकील म्हणून स्मरणात राहिले असते. परंतु 22 ऑक्टोबर 1906 रोजी अर्बथनॉट आणि कंपनी या मद्रासमधील नामांकित इंग्रज पेढीने व्यवहार बंद केले. सरकारदरबारी वजन असलेली ही पेढी बुडू शकते, ही कल्पनाही कोणी केली नव्हती. निवृत्त कारकून, विधवा, देवस्थाने, लहान व्यापारी अशा सर्वांनी तिथे पैसा ठेवला होता. पेढीच्या लंडनमधील भागीदाराच्या सट्टेबाज उद्योगांत तो नाहीसा झाला होता. पेढीचे प्रमुख सर जॉर्ज अर्बथनॉट हे राजधानीच्या गोऱ्या समाजातील अग्रगण्य गृहस्थ, तर दाराशी रडणारे ठेवीदार बहुतेक एतद्देशीय. अशा माणसाविरुद्ध उभे राहण्यात वकिलाला लाभापेक्षा धोका अधिक होता.

कृष्णस्वामींनी दिवाळखोरीच्या न्यायालयात ठेवीदारांची बाजू घेतली आणि ती विलक्षण आवेशाने लढवली. बुडालेल्या सावकारास सहानुभूतीने वागवून प्रकरण मिटवावे, अशी प्रतिष्ठितांची वृत्ती होती. ती त्यांनी यशस्वी होऊ दिली नाही. पुढे फौजदारी खटला होऊन सर जॉर्ज यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. वसाहतीच्या काळात अशा पदवीधारी इंग्रजास तुरुंगात जावे लागणे ही सामान्य गोष्ट नव्हती.

मला त्यांचे मोठेपण या शिक्षेपेक्षा त्यांच्या पुढच्या कृतीत अधिक दिसते. शिक्षेने ठेवी परत मिळत नाहीत, आणि लोकांनी पुढील बचत कोठे ठेवायची हा प्रश्नही सुटत नाही. चेट्टियार सावकारांपैकी रामस्वामी चेट्टियार आदींना बरोबर घेऊन त्यांनी भारतीयांच्या मालकीची बँक उभारण्याचे काम हाती घेतले. मार्च 1907 मध्ये इंडियन बँकेची नोंदणी झाली आणि 15 ऑगस्ट 1907 रोजी तिचे कामकाज सुरू झाले. स्वदेशीच्या घोषणा तेव्हा देशभर दुमदुमत होत्या. येथे स्वदेशीला हिशेबाची वही मिळाली. ही बँक आजही चालू आहे, आणि 2020 मध्ये अलाहाबाद बँक तिच्यात विलीन झाली.

राजकारणात ते मवाळ होते, आणि जहालांना ते पसंत नव्हते. तरीही जी. ए. नटेशन यांनी सुब्रह्मण्य भारती या जहाल तरुण कवीला त्यांच्याकडे नेले, तेव्हा त्याची गीते ऐकून त्यांनी स्वखर्चाने पंधरा हजार प्रती छापल्या आणि फुकट वाटल्या. पक्षनिष्ठेच्या मोजपट्टीत न बसणारी ही कृती आहे. मवाळांच्या त्या काळच्या पुढाऱ्यांत असे औदार्य फार थोड्यांनी दाखवले.

मद्रासमध्ये वकिली करणाऱ्या या गृहस्थाचे पुण्याशीही नाते होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे 1901 मध्ये वारले, तेव्हा मैलापूरमध्ये त्यांच्या नावाचे ग्रंथालय उभे करणाऱ्यांत कृष्णस्वामी अग्रभागी होते. नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजात 1907 साली दाखल झालेले आणि पुढे त्याचे अध्यक्ष झालेले व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री हेही तंजावर जिल्ह्यातलेच, आणि कृष्णस्वामींचे निकटचे स्नेही. मैलापुरात वेंकटरमण आयुर्वेद दवाखाना 1905 मध्ये आणि संस्कृत महाविद्यालय 1906 मध्ये सुरू झाले, त्यांमागेही कृष्णस्वामीच होते. हे सारे अर्बथनॉट प्रकरणाच्या अगदी मागेपुढे घडले, हे तारखा पाहिल्या की ध्यानात येते.

1909 मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि 1911 मध्ये गव्हर्नरांच्या कार्यकारी मंडळावर गेले. त्याच वर्षी 28 डिसेंबरला, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मद्रास विद्यापीठाच्या सिनेट हाउसच्या आवारात त्यांचा पुतळा आहे. मैलापूरच्या लझ भागात रानडे ग्रंथालय अजून उभे आहे. त्याच इमारतीत श्रीनिवास शास्त्रींच्या नावाचे सभागृह असून तेथे संगीताच्या मैफली होतात.