आचार्य विनोबा भावे आणि त्यांचा बंदिवास

ज्यांचे चरित्र आम्ही आज सादर करीत आहो ते ख्रिस्ती नव्हते. तरी युद्ध, वैर व तुरुंग ह्यांविषयी त्यांच्या आयुष्यात जे दिसते ते आमच्या मंडळ्यांच्या कानी पडावे असे आम्हांस बरेच दिवस वाटत आले आहे. वैजापूर तालुक्यातील आमच्या खेड्यांत बांधावरून नि पाटाच्या पाण्यावरून भाऊ भावाशी बोलेनासा होतो, आणि रविवारी दोघेही एकाच सतरंजीवर बसून क्षमेची प्रार्थना म्हणतात. आम्हीही एकदा बांधाच्या वादात शेजाऱ्याशी वर्षभर अबोला धरिला होता. म्हणून हे लिहिताना आमचा आवाज फार उंच नाही.

विनायक नरहरी भावे ह्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे गावी झाला. शिक्षण बडोद्यास झाले. शाळेची प्रशस्तिपत्रे त्यांनी स्वतःच्या हातांनी जाळून टाकिली, व १९१६ साली परीक्षेकरिता मुंबईस निघाले असता वाटेत सुरतेस उतरून ते काशीस गेले. त्याच वर्षीच्या जून महिन्यात अहमदाबादेजवळील कोचरब आश्रमात त्यांची व महात्मा गांधींची भेट झाली. १९२१ साली गांधींनी त्यांस वर्ध्याचा आश्रम चालविण्यास पाठविले. त्यापुढील वीस वर्षे सूत कातणे, विणणे, दळणे, झाडणे, मुलांस शिकविणे ह्यांतच गेली. वर्तमानपत्रांत त्यांचे नाव क्वचितच येई.

तुरुंगाची ओळख त्यांस १९२३ साली नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात झाली. १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात असता दर रविवारी सोबतच्या कैद्यांस गीतेवर प्रवचन देत, आणि त्याच तुरुंगात असलेले साने गुरुजी ती उतरून घेत. पुढे त्यांचे पुस्तक झाले व ते अनेक भाषांत गेले. एका बंदिवासात त्यांस लहानशा कोठडीत एकटे ठेविले होते. सोबतीस माणूस नाही, हातास काम नाही. तेव्हा त्यांनी दिवसाचे तास वाटून घेतले. काही तास ध्यानाचे. आणि पुष्कळसे तास चार भिंतींच्या आत येरझारा घालण्याचे, असे की दिवसाकाठी कोसच्या कोस चाल होई. फिलिप्पैच्या बंदिशाळेत मध्यरात्री स्तोत्रे गाणाऱ्या पौल व सीला ह्यांची आमच्या वाचकांस येथे आठवण होईल. ती तुलना आम्ही ताणीत नाही. परंतु कोंडलेल्या माणसास दिवस आपल्या मालकीचा करिता येतो, एवढे दोन्हीकडे खरे आहे.

१९३९ साली युरोपात महायुद्ध पेटले आणि हिंदुस्थानच्या लोकांस न विचारताच देश त्यात ओढला गेला. पुढल्या वर्षी गांधींनी ठरविले की ह्याविरुद्ध एकेकट्याने सत्याग्रह करावा. सत्याग्रहीने लोकांत जाऊन सांगावे की माणसे किंवा पैसा देऊन ह्या युद्धास साह्य करणे योग्य नाही, व त्याबद्दल होईल ती शिक्षा निमूटपणे भोगावी. पहिला मान कोणास द्यावा? मोठमोठे पुढारी उभे होते. गांधींनी निवड केली ती विनोबांची, आणि हे गृहस्थ कोण, हे देशास समजावून देण्याकरिता त्यांस लेख लिहावा लागला! त्यात त्यांनी विनोबांच्या सूतकताईचा व आश्रमातील कष्टाचा मुद्दाम उल्लेख केला. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळील पवनार येथे विनोबांनी पहिले भाषण केले. मग ते गावोगाव बोलत गेले, आणि २१ तारखेस त्यांस धरून तीन महिन्यांची शिक्षा देण्यात आली. दुसरे सत्याग्रही पंडित जवाहरलाल नेहरू.

येथे आम्हांस थोडे थांबणे भाग आहे. विनोबांचा विरोध केवळ इंग्रजांच्या युद्धास नव्हता, युद्धमात्रास होता. बोलण्याच्या दिवशी त्यांनी हे धैर्य कोठून आणिले असे कोणी विचारील, तर आमच्या मते ते त्या वीस वर्षांच्या झाडण्या-दळण्यातून आले. ज्याने शेजाऱ्याचा मैला उचलण्यास लाज मानिली नाही त्यास तुरुंगाची अप्रतिष्ठा काय वाटणार? डोंगरावरील प्रवचन आम्ही वर्षातून दोन-चारदा वाचितो. शत्रूवर प्रीती करण्याचा सराव मात्र शत्रू दाराशी आल्यावर सुरू करू पाहतो, व मग तो जमत नाही.

१९४२ साली त्यांस पुन्हा धरिले, व सुमारे तीन वर्षे ते वेल्लोर व शिवनी येथील तुरुंगांत होते. वेल्लोरास त्यांनी दक्षिणेच्या चारही भाषा शिकून घेतल्या. सुटल्यावर काय केले? पवनारजवळील सुरगाव खेड्यास ते खांद्यावर फावडे घेऊन रोज चालत जात व तेथील मैला साफ करीत.

१९५१ साली तेलंगणात जमीनदार व कम्युनिस्ट ह्यांच्यात रक्तपात चालला असता ते तिकडे पायी गेले. आमचा वैजापूर तालुकाही तेव्हा त्याच हैदराबाद राज्यात होता. हैदराबादच्या तुरुंगातील कम्युनिस्ट बंदिवानांस ते आधी जाऊन भेटले. जो स्वतः आत राहिला होता त्यास आतल्यांची वाट ठाऊक होती. १८ एप्रिल रोजी पोचमपल्ली गावी भूमिहीन हरिजनांनी ८० एकर जमीन मागितली, आणि रामचंद्र रेड्डी ह्यांनी १०० एकर देऊ केली. भूदानाचा आरंभ तो. तेरा वर्षांहून अधिक काळ ते देशभर चालले व चाळीस लाखांहून अधिक एकर मिळाले. त्यांपैकी पुष्कळ जमीन नापीक निघाली किंवा वाटलीच गेली नाही, हेही सांगितले पाहिजे. १९६० साली चंबळेच्या खोऱ्यात सुमारे वीस दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेविली. नव्या करारातील वेचे घेऊन त्यांनी ‘ख्रिस्तधर्म-सार’ नावाचे पुस्तकही केले.

एक गोष्ट आम्हांस खुपते, ती लपविणे बरे नाही. १९७५ साली आणीबाणीत हजारो लोक विनाचौकशी स्थानबद्ध झाले. विनोबा त्या वेळी वर्षभराच्या मौनात होते. त्यांनी लिहून दाखविलेल्या शब्दांचा सरकारने आपल्या समर्थनार्थ उपयोग करून घेतला. ज्याने तुरुंगाचे दार इतक्या वेळा आतून पाहिले त्याच्याकडून त्या कैद्यांस अधिक मिळावयास हवे होते. त्यांचे भक्त ह्याचा निराळा अर्थ लावितात. आमचे समाधान झालेले नाही.

नोव्हेंबर १९८२ मध्ये आजारात त्यांनी अन्न, पाणी व औषध सोडिले. देवाने दिलेला श्वास देवानेच परत घ्यावा अशी आमची श्रद्धा असल्यामुळे त्यांचा हा मार्ग आमचा नव्हे. १५ तारखेस धाम नदीच्या काठी, जेथून ते १९४० साली तुरुंगात जावयास निघाले होते त्याच पवनारास, त्यांनी देह ठेविला.