परत केलेले पारितोषिक

सन १९३५ मधील गोष्ट. सिमला हे त्या काळी हिंदुस्थानातील इंग्रज सरकारचे उन्हाळ्यातील राजधानीचे शहर होते. तेथील एक ललितकला संस्था चित्रांचे प्रदर्शन भरवीत असे. चित्रकार आपापली चित्रे संस्थेकडे पाठवीत. परीक्षक ती पारखून पाहत आणि त्यांना पसंत पडतील तेवढीच भिंतींवर लावली जात. उरलेली ज्याची त्याला परत जात. त्या वर्षी बावीस वर्षांच्या एका तरुणीने दहा चित्रे पाठविली. परीक्षकांनी त्यांतील पाच ठेवून घेतली व पाच नाकारली. ठेवून घेतलेल्या चित्रांपैकी एकास त्यांनी पारितोषिकही दिले. दुसरी कोणी असती, तर पारितोषिकाच्या आनंदात पाच चित्रे परत आल्याचे दुःख विसरून गेली असती. या तरुणीने मात्र ते पारितोषिकच संस्थेकडे परत पाठविले. तिचे नाव अमृता शेरगिल.

अमृताचा जन्म ३० जानेवारी १९१३ रोजी हंगेरी देशाच्या राजधानीत, बुडापेस्ट येथे झाला. तिचे वडील उमरावसिंग हे पंजाबातील सरदार घराण्यातील शीख गृहस्थ. ते संस्कृत व फारसी भाषांचे व्यासंगी होते आणि छायाचित्रे काढण्याचाही त्यांना मोठा नाद होता. आई हंगेरियन असून संगीतात निपुण होती. १९२१ साली हे कुटुंब हिंदुस्थानात आले आणि सिमल्यास राहू लागले. अमृताला लहानपणापासूनच चित्रांचा छंद होता. ऐकलेल्या गोष्टींतील माणसे ती रंगवून काढी. मुलीच्या अंगचा हा गुण आईवडिलांनी ओळखला आणि १९२९ साली, ती सोळा वर्षांची असताना, ते तिला घेऊन पॅरिसला गेले.

पॅरिस ही त्या काळी चित्रकारांची पंढरीच होती. तेथील प्रसिद्ध कलाशाळेत ल्यूसियाँ सिमाँ या चित्रकाराच्या हाताखाली अमृताने कसून अभ्यास केला. १९३२ साली तिने ‘तरुण मुली’ या नावाचे एक मोठे तैलचित्र रंगविले. पॅरिसमधील ‘ग्रँड सलोन’ नावाच्या प्रदर्शनात १९३३ साली त्या चित्रास सुवर्णपदक मिळाले आणि त्या संस्थेने अमृताला आपली सहसदस्य करून घेतले. तेव्हा ती अवघी वीस वर्षांची होती.

अशा वेळी पॅरिस सोडून जावे असे कोणाच्या मनात येईल? पण अमृताच्या मनाला हिंदुस्थानची ओढ लागली. आपल्या कलेचे खरे घर तेथेच आहे, असे तिला वाटू लागले. तिच्या रंगांचा भरजरीपणा पाहून, पूर्वेकडील उजेडातच हे रंग खरे खुलतील, असे तिच्या गुरूंनाही वाटत असे. १९३४ च्या अखेरीस ती मायदेशी परतली.

सिमल्यास आल्यावर तिने काय रंगविले? डोंगरावरील देवदार नव्हेत, की बर्फाची शिखरेही नव्हेत. तिने रंगविली तेथील गरीब माणसे. किडकिडीत अंगाचे, सावळ्या वर्णाचे पहाडी पुरुष. डोक्यावरून पदर घेऊन स्तब्ध उभ्या राहिलेल्या पहाडी स्त्रिया. लेकरांना जवळ घेऊन बसलेली आई. त्यांच्या तोंडावर हसू नाही आणि डोळ्यांत एक मुके दुःख आहे. हिंदुस्थानची चित्रे म्हणजे लखलखीत ऊन आणि नटलेली माणसे, अशी अनेकांची तेव्हा समजूत होती. अमृताला दिसलेला देश निराळा होता, आणि जे दिसले तेच ती रंगवीत होती.

याच सुमारास सिमल्याच्या प्रदर्शनाचा तो प्रसंग घडला. परीक्षकांचे काम वाटते तितके सोपे नसते. भिंती मोजक्याच असतात आणि चित्रे पुष्कळ येतात. काही घ्यावी लागतात, काही परत करावी लागतात. धान्य निवडताना खडा कोणता हे डोळ्यांना चटकन दिसते. चित्रे निवडताना तसे होत नाही. तेथे परीक्षकाची नजर जशी घडलेली असेल, तसे त्याला चित्र दिसते. जे पाहण्याची सवय आहे ते त्याला चांगले वाटते, आणि नवीन ते पुष्कळदा ओबडधोबड वाटते. म्हणून चित्रे नाकारणे हा काही अपराध नव्हे. अमृताचे दुःखही चित्रे परत आल्याचे तेवढे नव्हते. या संस्थेस जुन्या ठशाची, रुळलेल्या वाटेने जाणारी चित्रे प्रिय आहेत, अशी तिची खात्री झाली होती. मग तिच्याच हातून आपला गौरव करून घेणे तिला खोटेपणाचे वाटले. संस्थेच्या आवडीशी ज्याची कला जुळते, अशा एखाद्या चित्रकारास हे पारितोषिक द्यावे, असे तिने संस्थेस कळविले. पत्राची भाषा थोडी तिखट होती. अमृताचा स्वभावच मानी आणि सडेतोड होता. त्यापायी माणसे दुखावतही असत. पण त्या पत्रात लोभाचा लवलेश नव्हता.

पुढच्याच वर्षी, १९३६ च्या अखेरीस, ती मुंबईस आली. ताजमहाल हॉटेलात तिच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. त्याच प्रवासात ती अजिंठा आणि वेरूळ येथे गेली. अजिंठ्याच्या लेण्यांत शिरताच तिला जणू आपले हरवलेले माहेर सापडले. शेकडो वर्षांपूर्वीच्या त्या कलावंतांनी थोड्याच रेषांत माणसे उभी केली होती. गेरूच्या लाल, हिरव्या आणि मातकट रंगांत करुणा ओतली होती. अमृता तेथे पुन्हा विद्यार्थिनी झाली. पुढे दक्षिणेकडे जाऊन तिने तेथील माणसेही डोळे भरून पाहिली. १९३७ साली ‘वधूचा शृंगार’, ‘ब्रह्मचारी’ आणि ‘बाजाराला निघालेले दक्षिणेतील खेडूत’ ही तिची तीन विख्यात चित्रे तयार झाली. त्यांत अजिंठ्याचा संस्कार उघड दिसतो.

त्याच १९३७ साली मुंबईतील एका प्रदर्शनाचा निकाल लागला. १८८८ साली स्थापन झालेली बाँबे आर्ट सोसायटी ही संस्था दरवर्षी प्रदर्शन भरवीत असे. तेथील परीक्षकांनी सुवर्णपदकासाठी जे चित्र निवडले, ते अमृताचे होते. त्याचे नाव ‘तीन मुली’. पाठीमागे काही देखावा नाही, अंगावर दागिन्यांचा थाट नाही. जवळजवळ बसलेल्या तिघी मुली, तिघींची वस्त्रे निरनिराळ्या रंगांची, पण तोंडावरची उदासी एकच. पुढे काय वाढून ठेवले आहे याची जणू त्या मुकाट्याने वाट पाहत आहेत. विशेष हे की, हे चित्र अमृताने १९३५ सालीच रंगविले होते. ज्या वर्षी एका गावच्या परीक्षकांनी तिची पाच चित्रे परत केली, त्याच वर्षीच्या तिच्या एका चित्रास दुसऱ्या गावच्या परीक्षकांनी सुवर्णपदक दिले. कलावंतीण तीच, कुंचला तोच. पारखणारे डोळे मात्र निराळे होते.

अमृताला आयुष्य फार थोडे लाभले. १९३८ साली तिचा व्हिक्टर इगान या डॉक्टरांशी हंगेरीत विवाह झाला. नंतर ती दोघे गोरखपूरजवळ सराया येथे राहिली आणि १९४१ साली लाहोरला गेली. तेथे तिच्या चित्रांचे प्रदर्शन भरावयाचे होते. तयारी चालू असतानाच ती अकस्मात आजारी पडली आणि ५ डिसेंबर १९४१ रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, तिने या जगाचा निरोप घेतला. एक चित्र अपुरेच राहिले.

दिल्लीत १९५४ साली आधुनिक कलेचे राष्ट्रीय संग्रहालय सुरू झाले. अमृताची पुष्कळ चित्रे आज तेथे जतन केलेली आहेत. ‘तीन मुली’ हे चित्रही तेथेच आहे.

मुलांनो, तुम्ही केलेले चित्र, लिहिलेला निबंध, पाठ केलेले भाषण यांचीही कोणीतरी निवड करील. कधी ते पसंत पडेल, कधी परत येईल. परीक्षकाच्या निवडीस मान द्यावा, त्यांनी दाखविलेले दोषही शांतपणे तपासावेत. पण आपल्या मनातही एक परीक्षक बसलेला असतो, आणि त्याला फसविता येत नाही. अमृताने त्याचे म्हणणे ऐकले. म्हणूनच चित्रे परत आली तेव्हा ती खचली नाही, आणि पारितोषिक हाती आले तेव्हा भुलली नाही.