कापडदुकानातून आलेला भविष्यवेत्ता

उद्या लोक काय नेसतील, कोणत्या वाहनातून हिंडतील, घरातील चूल कशावर पेटेल, यांविषयी सहज अंदाज बांधणे हा माणसाचा जुनाच छंद होय. नववर्षाच्या आरंभी असे अंदाज हौसेने केले जातात आणि वर्ष सरण्यापूर्वी विस्मृतीतही जातात. या छंदाला शास्त्रीय विचाराची बैठक देण्याचा मोठा प्रयत्न हर्बर्ट जॉर्ज वेल्स या इंग्रज लेखकाने केला. त्याचे कोणते अंदाज खरे ठरले, यापेक्षा कोणते आणि का फसले, हे पाहणे आजही अधिक बोधप्रद आहे.

वेल्सचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी केंट परगण्यातील ब्रॉम्ली येथे झाला. वडिलांचे चिनी मातीच्या भांड्यांचे व क्रिकेटच्या साहित्याचे छोटेसे दुकान होते. ते कधीच नीट चालले नाही. आईने पुढे एका श्रीमंताच्या वाड्यात कारभारणीची नोकरी पत्करली आणि मुलाला साउथसी येथील एका कापडदुकानात उमेदवारीस ठेवले. १८८१ ते १८८३ ही दोन वर्षे वेल्सने तेथे दिवसाचे सुमारे तेरा तास ताग्यांच्या घड्या घालण्यात काढली. ही गुलामी असह्य होऊन तो तेथून निसटला, मिडहर्स्टच्या शाळेत शिकवू लागला आणि १८८४ साली शिष्यवृत्ती मिळवून लंडनला टी. एच. हक्सलेसारख्या थोर जीवशास्त्रज्ञाच्या वर्गात जाऊन बसला. सृष्टीत काहीच स्थिर नाही, मानवही नाही, हा धडा त्याने तेथे घेतला. ‘द टाइम मशीन’ ही १८९५ सालची कादंबरी याच धड्याचे फळ होय.

१९०१ साली त्याचे ‘अँटिसिपेशन्स’ हे पुस्तक निघाले. त्यात चमत्कार नाहीत, व्यवहार आहे. मोटारींसाठी स्वतंत्र रस्ते होतील व त्यांवर जाणारी-येणारी वाहतूक अलग ठेवली जाईल. वेगवान प्रवासामुळे शहरे विरघळून दूरवर पसरतील. घरकामाला नोकर मिळेनासे होतील, म्हणून धुरावाचूनचा विजेवरील स्वयंपाक आणि सहज झाडता येतील अशी घरे येतील, असे त्याने मांडले. हे सारे कमीअधिक प्रमाणात खरे ठरले. याचे कारण दैवी दृष्टी नव्हे. ज्याची आई परक्या वाड्यात राबली आणि जो स्वतः दुकानात राबला, त्याला श्रमांची किंमत ठाऊक होती. माणसाची अडचण कोठे आहे हे ज्याने अनुभवले, त्याला ती दूर करणाऱ्या यंत्राची चाहूल लागली, तर नवल नाही.

त्याच्या चुकाही ढोबळ होत्या. विमान १९५० पूर्वी केव्हातरी यशस्वी होईल, असा त्याचा सावध अंदाज होता. राइट बंधूंनी ते १९०३ सालीच उडवून दाखविले. पाणबुडी आपल्याच खलाशांना गुदमरविण्यापलीकडे काही करील, हे त्याला पटेना. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी ब्रिटनच्या तोंडचे पाणी पळविले. त्याच्या कथेवरून १९३६ साली निघालेल्या ‘थिंग्ज टु कम’ या चित्रपटात २०३६ सालचे नागरिक रुंद खांद्यांचे आखूड अंगरखे घालून वावरतात. ते साल आता फार दूर नाही, परंतु तशी वस्त्रे रस्त्यावर दिसण्याची चिन्हे नाहीत. कापडदुकानात वाढलेल्या माणसाला यंत्रांची पावले ओळखता यावीत आणि कापडाची मात्र ओळखता येऊ नयेत, हा दैवाचा विनोदच म्हणावा लागेल. मात्र त्यात एक अर्थ आहे. सोय ही गरजेच्या वाटेने जाते, फॅशन ही लहरीच्या. गरजेचा हिशेब मांडता येतो, लहरीचा येत नाही.

या चुका हसून सोडून देता येतात. ‘अँटिसिपेशन्स’च्या अखेरच्या भागातील चूक मात्र तशी नाही. यंत्रयुगाच्या कार्यक्षमतेत जे बसणार नाहीत, त्या काळ्या, तपकिरी आणि पीतवर्णी लोकांना जगातून नाहीसे व्हावे लागेल, असे वेल्सने तेथे थंडपणे लिहून ठेवले. रस्ते आणि चुली यांना लावलेला गज त्याने माणसांनाही लावला. आशिया-आफ्रिकेतील जनतेचे भवितव्य तेव्हा असे परस्पर ठरविले जात होते, आणि ठरविणारे स्वतःला पुरोगामी म्हणवीत होते, हे भारतीय वाचकाला विसरता येणार नाही.

वेल्सचे मोठेपण असे की, तो तेथे थांबला नाही. १९०५ सालच्या ‘अ मॉडर्न युटोपिया’त त्याने वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेवरच टीका केली. १९१४ सालच्या ‘द वर्ल्ड सेट फ्री’ या कादंबरीत त्याने अणुबॉम्बची कल्पना रंगविली. ती कादंबरी १९३२ साली लिओ झिलार्ड या पदार्थवैज्ञानिकाच्या वाचनात आली आणि पुढच्याच वर्षी त्याला अणूच्या शृंखलाक्रियेची कल्पना सुचली. भाकीत केवळ भविष्य सांगत नाही, कधी कधी ते घडविण्यासही हातभार लावते, याची ही जिवंत साक्ष होय.

दुसरे महायुद्ध पेटल्यावर वृद्ध वेल्सने भाकिते बाजूला ठेवून मानवी हक्कांची सनद हाती घेतली. १९४० साली तिच्यावरील त्याचे पुस्तक निघाले. हा मसुदा महात्मा गांधींकडेही आला, तेव्हा हक्कांऐवजी कर्तव्यांच्या सनदेपासून आरंभ करावा, असा सल्ला त्यांनी दिला. ज्यांना एकेकाळी भविष्यात जागाच नाकारली होती, त्यांच्यापैकीच एकाचे मत वेल्सला आता हवेसे वाटत होते. १९४८ साली संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला, तो पाहण्यास वेल्स हयात नव्हता. हिरोशिमाचा संहार मात्र त्याला पाहावा लागला. त्यानंतर एक वर्षाने, १३ ऑगस्ट १९४६ रोजी, लंडनमध्ये त्याचे निधन झाले.

आजही नवी यंत्रे येतात आणि कोणते उद्योग टिकतील, कोणती माणसे निरुपयोगी ठरतील, याची भाकिते त्याच थंड आत्मविश्वासाने केली जातात. यंत्रांविषयीचे अंदाज चुकले तर फारसे बिघडत नाही. माणसांविषयीचे अंदाज ऐकताना मात्र एक प्रश्न अवश्य विचारावा: ज्यांचे भविष्य सांगितले जात आहे, त्यांना कोणी काही विचारले आहे काय? वेल्सला हा प्रश्न सुचण्यास जवळजवळ चाळीस वर्षे लागली. पुढील पिढ्यांनी तेवढा विलंब लावण्याचे कारण नाही.